भाच्याची स्पोर्ट्स कार, चाळीसगावचा टांगा आणि ऑप्शनची यादी



मागच्या महिन्यात घनसावंगीच्या आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस भांडण चाललं. निवडणूक नव्हती, जयंतीची वर्गणी नव्हती, पुतळ्याच्या जागेचा वाद नव्हता. विषय होता माझ्या भाच्याची गाडी. दोन दरवाज्यांची, जमिनीला टेकलेली, नवी कोरी स्पोर्ट्स कार. ती त्याने अजून घेतलेलीही नव्हती, फक्त ऑर्डर द्यायची होती. त्याने कंपनीच्या साइटवर आपली गाडी जुळवली, त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, कलर कोणता घेऊ?"

मामाने उत्तर द्यायच्या आधी अख्ख्या वस्तीने दिलं. कोणी "अभिनंदन" लिहिलं, कोणी "निळाच घे भावा" लिहिलं. मग एका जुन्या कार्यकर्त्याने लिहिलं, "समाज उपाशी आणि आमची पोरं उडवायला लागली." तिथून गाडी घसरली.

त्या तीन दिवसांत मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. आज लिहितोय. प्रश्न माझ्या भाच्याचा एकट्याचा नाही. आपली पहिली शिकलेली पिढी आता पगार घेते आहे. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, कोणी परदेशात. आज एकाने स्पोर्ट्स कार जुळवली, उद्या दुसरा थार बुक करेल, तिसरा बुलेट. या गाड्या कशा घ्यायच्या यावर आपल्या चळवळीत कोणी बोलत नाही. एकतर टाळ्या वाजवतात, नाहीतर शिव्या घालतात. या दोहोंच्या मधलं काही बोलू या.

हा पोरगा कोण

त्याचा बाप ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आणि कारखान्याची टायरगाडी. बैल आपले, गाडी कारखान्याची. त्या गाडीचे ऑप्शन काय असायचे? काही नाही. जी मिळेल ती ओढायची. माझ्या बहिणीने हा पोरगा पाचटाच्या कोपीत वाढवला. पुढे आश्रमशाळा, वसतिगृह, इंजिनिअरिंग, आणि मग राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती. राज्यातून अनुसूचित जातीचे 75 विद्यार्थी वर्षाला या योजनेतून जातात. तो जर्मनीला गेला, गाड्यांचंच इंजिनिअरिंग शिकला आणि आता श्टुटगार्टला नोकरी करतो. ज्या शहरात गाड्या जन्माला येतात त्या शहरात.

तिकडे गाडी घ्यायची पद्धत वेगळी आहे. आपण जालन्याच्या शोरूमला जातो, बेस, मिड, टॉप यातलं एक मॉडेल बघतो, उभ्या असलेल्या रंगातला एक उचलतो. तिकडे बरेच लोक गाडी मागवून घेतात. आधी मूळ गाडी, मग एकेक ऑप्शन. रंग, चाकं, सीट, शिलाईच्या धाग्याचा रंग, ब्रेक, दिवे, आवाज. प्रत्येकापुढे किंमत. खूण केली की खालचा आकडा वाढतो. शेवटी ऑर्डर पक्की होते, कारखान्यात तुमच्या नावाने गाडी बनते, काही महिन्यांनी हातात येते.

ज्या घरात चार पिढ्या "मिळेल ते घ्या" यावर जगल्या, त्या घरातल्या पोरापुढे पहिल्यांदा इतक्या रकान्यांची यादी उघडली. जातिव्यवस्था म्हणजे तरी काय होतं? ऑप्शन नसणं. धंदा ठरलेला, वस्तीची दिशा ठरलेली, कपडा ठरलेला, मेलेलं ढोर ओढायचं तेही ठरलेलं. म्हणून निवड करण्याची संधी मला किरकोळ वाटत नाही. पण निवड करता येणं आणि चांगली निवड करणं या दोन गोष्टी आहेत.

आधी आक्षेपांचं बघू

पहिला आक्षेप बाहेरचा. गावातल्या एका सवर्ण गृहस्थाने मला चहाच्या टपरीवर विचारलं, "आरक्षणाच्या पैशावर गाड्या का?" शिष्यवृत्तीच्या पैशाने त्याने फी भरली. गाडी तो पगारातून घेतोय आणि त्या पगारावर तिकडे भरपूर कर कापला जातो. याच गृहस्थाच्या पुतण्याने मागच्या वर्षी मोठी गाडी घेतली तेव्हा पैसा कुठून आला हे कोणी विचारलं नाही. हिशोब फक्त आपल्यालाच मागायचा ही जातीची जुनी सवय आहे.

आणि ही सवय नुसत्या टोमण्यावर थांबत नाही. मार्च 2018 मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाचा खून झाला. त्याने घोडा पाळला, घोड्यावर बसून गावातून फिरला हे सहन झालं नाही म्हणून, असं त्याच्या घरच्यांनी फिर्यादीत सांगितलं. फेब्रुवारी 2025 मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार झाले. घोडा असो, बुलेट असो, वाहन म्हणजे उंची. आपण त्या उंचीवर बसलो की काहींच्या पोटात दुखतं. त्यामुळे "गाडीत काय आहे, चैन आहे" असं म्हणून हा विषय झटकता येत नाही.

दुसरा आक्षेप आतला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं घेतली आणि तुम्ही गाड्या घेता." अर्धं खरं आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे महिन्याला साडेअकरा पौंड मिळायचे, त्यातून बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांचा ढीग जमवला. पण बाबासाहेब साधेपणाचे पुजारी नव्हते. सूट उत्तम शिवलेला असायचा, पेनांचा शौक होता, आणि दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा राहील अशा बेताने बांधलं. मी तर म्हणेन, राजगृह ही आपल्या समाजातली पहिली मोठी ऑर्डर. मिळेल ते घर न घेता, आपल्याला काय हवं ते ठरवून केलेली.

1945 च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिरफाड करताना यंत्राची बाजू घेतली आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सोडवायचं, त्याला फुरसत मिळवून द्यायची, तर यंत्र लागणारच. चरखा आणि बैलगाडीकडे परत चला हा उपदेश ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांना परवडतो. म्हणून "गाडी नको" हा आंबेडकरी विचार नाही. गाडी कोणती, कशासाठी आणि कोणत्या किमतीला, हा आंबेडकरी प्रश्न आहे.

चाळीसगावचा टांगा

या प्रश्नाचं उत्तर मला बाबासाहेबांच्या आयुष्यातल्याच एका प्रसंगात सापडतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी तो स्वतः लिहिला आहे. तुम्ही वाचला असेल, पण गाडीच्या नजरेने पुन्हा वाचा.

1929 साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीवर बाबासाहेब होते. खानदेशातलं काम आटोपून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना थांबवून घेतलं. स्टेशनवर बराच वेळ गेला. शेवटी टांगा आला आणि बाबासाहेब निघाले. वाटेत तो टांगा एका मोटारीला धडकता धडकता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर टांगेवाल्याचा ताबा सुटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत.

नंतर कळलं की गावातला एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून न्यायला तयार नव्हता. बॅरिस्टर असला तरी. आपल्या माणसांना वाटलं, साहेबांनी पायी यावं हे शोभत नाही. म्हणून तोड निघाली. टांगा भाड्याने घ्यायचा, हाकायला मात्र आपलाच माणूस बसवायचा. त्या माणसाने टांगा कधी हाकलाच नव्हता. बाबासाहेबांनी निष्कर्ष काढला तो मनाला चटका लावणारा आहे. माझा मान राखायला गेले आणि माझा जीवच धोक्यात घातला.

मित्रांनो, आपल्या पहिल्या पिढीची गोष्ट हीच आहे. टांगा मिळवतो आपण. भाड्याने, कर्जाने, घामाने. पण हाकायला कोणी शिकवलेलं नसतं. ज्यांच्या घरात तीन पिढ्या मोटारी आहेत त्यांच्या पोराला बाप सांगतो की बाळा, हे पॅकेज घेऊ नको, फसवतात. ब्रेक चांगले घे. कर्ज इतक्याच वर्षांचं कर. आपल्या पोराला कोण सांगणार? बाप तर टायरगाडी ओढत होता. म्हणून सेल्समन सांगेल ते ऐकायचं, नाहीतर इन्स्टाग्राम सांगेल ते.

यादी नंबर एक, यादी नंबर दोन

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, यादी वाचून दाखव. त्याने वाचली. खास निळा रंग 2,400 युरो. 20 इंची चाकं 2,100. कार्बनचं छप्पर आणि सजावट 3,300. भारीतली म्युझिक सिस्टीम 1,200. रंगीत शिलाईचं चामडं 2,900. आवाज काढणारा सायलेन्सर 1,900. दार उघडलं की जमिनीवर चिन्ह उमटवणारे दिवे वगैरे 600. उघडणारं काचेचं छप्पर 2,000. बेरीज 16,400 युरो. आपल्याकडचे सोळा लाखांच्या वर. मूळ गाडी 58,000 ची.

मी विचारलं, "यात ब्रेक कुठंय?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, ब्रेक असतातच की गाडीला."

"टांगा पण होता की," मी म्हटलं.

यादीतल्या आठही गोष्टी बघणाऱ्यासाठी होत्या. हाकणाऱ्यासाठी एकही नव्हती. आणि हा पोरगा गाड्यांचा इंजिनिअर! शिक्षणाने माहिती येते. दुसऱ्याच्या नजरेचं ओझं मात्र शिक्षणानेही लवकर उतरत नाही. आपण काय घेतलं यापेक्षा लोक काय बघतील, हे आपल्या हाडात बसवलेलं आहे. शेकडो वर्षं आपल्याकडे कोणी बघितलंच नाही, म्हणून आता बघावं असं वाटतं. त्याला मी दोष देत नाही. पण त्या नजरेसाठी सोळा लाख?

आम्ही दोघांनी बसून यादी पुन्हा केली. त्यातून जे नियम निघाले ते गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहेत, मग ती स्पोर्ट्स कार असो की सेकंडहँड आल्टो.

पहिला नियम. कारखान्यातच बसतं ते आधी घ्या, नंतर बाजारात बसवता येतं ते सोडा. मोठे ब्रेक, सस्पेन्शन, सीटचा सांगाडा, वळणावर वळणारे दिवे या गोष्टी नंतर बसवणं एकतर अशक्य, नाहीतर दुप्पट खर्चाचं. चाकं, स्पीकर, मॅट, सजावट कधीही होते.

दुसरा नियम. पॅकेजपासून सावध. एक कामाची वस्तू आणि तिच्या शेपटीला दोन बिनकामाच्या बांधलेल्या असतात. आपल्याकडेही अनेक वर्षं हेच चाललं. जादा एअरबॅग हवी तर टॉप मॉडेल घ्या, म्हणजे सनरूफचे पैसेही मोजा. जीव वाचवणारी वस्तू चैनीच्या वस्तूला बांधून विकणं हा धंद्यातला मनुवादच. सुटी किंमत विचारा. लाजू नका.

तिसरा नियम. तारीख लिहून घ्या. मागवलेल्या गाडीची ऑर्डर एका ठराविक दिवसापर्यंत बदलता येते. त्यानंतर कारखान्यात काम लागतं, मग काही बदलत नाही. त्या दिवसाच्या आदल्या रात्री यादी पुन्हा वाचा. ज्या वस्तूबद्दल दोनदा विचार बदलला ती काढा.

चौथा नियम. हप्ता मोजा, किंमत नाही. सेल्समन म्हणतो, एवढ्या मोठ्या गाडीत दहा लाख काय घेऊन बसलात. दहा लाखांचे ऑप्शन 9 टक्क्यांनी 7 वर्षांच्या कर्जात टाकले तर महिन्याचा हप्ता साधारण 16,100 रुपयांनी वाढतो आणि शेवटी साडेतेरा लाख भरावे लागतात. साडेतीन लाख फक्त व्याज. घनसावंगीत त्या 16,100 वर एक अख्खं कुटुंब महिना काढतं.

पाचवा नियम सगळ्यात मोठा. चालवायला शिका. तिकडे गाडी घसरली तर कशी सावरायची, जोरात ब्रेक कसा मारायचा, हे बंद ट्रॅकवर एका दिवसात शिकवणारे वर्ग असतात. ते कुठल्याच ऑप्शनच्या रकान्यात नव्हतं. मी म्हटलं, हे आधी. जर्मनीच्या महामार्गावर काही टप्प्यांत वेगाला मर्यादाच नाही. आपल्याकडे समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, तिथे 120 ची मर्यादा असून रोज काय होतं ते पेपरात वाचतोच. घोडा जोरात पळणारा घ्यायचा आणि लगाम धरता येत नाही, म्हणजे पुन्हा चाळीसगाव.

दुसरी यादी अशी झाली. मोठे ब्रेक 2,200. चांगली सीट 1,800. सस्पेन्शन 1,300. लेन सुटली, समोर अडथळा आला की सावध करणारी यंत्रणा 900. दिवे 500. आणि निळा रंग 2,400. एकूण 9,100 युरो. 7,300 वाचले.

निळ्या रंगावर आमचं वाजलं. मी म्हटलं, रंगाला अडीच लाख? पांढरा फुकट मिळतो. निळा आपला आहेच, त्याला विकत कशाला घ्यायचं? तो म्हणाला, "मामा, ब्रेक तुझ्या म्हणण्यानं घेतले, सीट घेतली, सायलेन्सर सोडला. मला रोज सकाळी खिडकीतून बघितल्यावर जे बरं वाटणार आहे, तेवढं एक माझं राहू दे." मी गप्प बसलो. तो बरोबर होता. आपल्या पोरांनी फक्त कामाचंच घ्यावं, आनंदाचं घेऊ नये, असं म्हणणारे आपण कोण? जगण्यात आनंदाचा वाटा मागणं हाही हक्कच आहे. मात्र तो स्वतःचा आनंद असावा, शेजाऱ्याला जाळायचा नसावा. या दोहोंतला फरक ज्याचा त्याला कळतो.

ज्यांच्याकडे सगळे ऑप्शन होते

आता दुसरी बाजू बघा. 19 मे 2024, पुणे, कल्याणीनगर. मध्यरात्रीनंतर एका 17 वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्श गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण इंजिनिअरना चिरडलं. मूळची मध्य प्रदेशची मुलं, नोकरीसाठी पुण्यात आलेली. कोटीच्या वर किंमत असलेली ती विजेवरची स्पोर्ट्स कार नंबरप्लेटशिवाय रस्त्यावर होती. कायमची नोंदणी राहिली होती आणि राहिलेली फी होती 1,758 रुपये. विजेच्या गाडीला राज्यात रस्ता कर माफ, म्हणून एवढीच. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. लोक खवळले तेव्हा निर्णय बदलला. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपात ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली.

विचार करा. परवाना नाही, वय नाही, नंबर नाही. आपल्या वस्तीतल्या पोराची मोटारसायकल जयंतीच्या दिवशी कागदपत्रांसाठी चौकात थांबवतात. त्या गाडीला कोणी थांबवलं? यांच्या ऑप्शनच्या यादीत कायद्यातून सुटण्याचाही एक ऑप्शन असतो. आपल्या यादीत तो नाही आणि नकोच आहे. आपण संविधान मानणारे लोक आहोत. पण म्हणूनच आपल्या पोराने लक्षात ठेवावं की तीच चूक त्याच्या हातून झाली तर निबंध लिहून सुटका होणार नाही. परवाना, विमा, नोंदणी, वेग, दारू, या बाबतीत आपल्याला एका इंचाची सूट मिळत नाही. अन्याय आहे. तरी हिशोबात धरावाच लागतो.

कराचंही बघा. महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के एकरकमी रस्ता कर. 20 लाखांच्या वर 13 टक्के. वाटतं, श्रीमंताला जास्त कर, चांगलं आहे. पण त्याला कमाल मर्यादा आहे. आधी 20 लाख होती, 1 जुलै 2025 पासून 30 लाख. म्हणजे 4 कोटींच्या गाडीला कर 30 लाखांवर थांबतो, साडेसात टक्के. साधी गाडी घेणाऱ्या शिक्षकाला 11 टक्के आणि कोटीवाल्याला साडेसात.

व्याजाचंही तसंच. ऑक्टोबर 2010 मध्ये आपल्या शेजारच्या औरंगाबादेत एका दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या गेल्या. सुमारे 65 कोटींचा सौदा, देशभर कौतुक झालं. स्टेट बँकेने त्यातल्या कर्जाला 7 टक्के व्याज लावलं. पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिलं की शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला त्याच मराठवाड्यात यापेक्षा कितीतरी जास्त व्याज पडत होतं. गट करून, एकत्र जाऊन सौदा केला की भाव पडतो आणि व्याजही पडतं, हा धडा मात्र आपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही. आपण पन्नास जण मिळून बँकेत कधी गेलो का?

बिल्ल्याचा वाद

यादीत एक फुकटचा ऑप्शन होता. गाडीच्या मागचं मॉडेलचं नाव काढून टाकणं. तिकडे बरेच लोक ते घेतात. कोणती गाडी, किती ताकदीची, हे मागच्याला कळू नये म्हणून. भाच्याने त्यावर खूण केली होती.

हे ऐकून माझी बहीण बिथरली. ती शिकलेली नाही, पण तिला एक गोष्ट आठवत होती. हाच पोरगा पुण्यात खोली शोधत होता तेव्हा घरमालक आधी आडनाव विचारायचे. चार ठिकाणी नकार आल्यावर त्याने पाचव्या ठिकाणी नुसतं पहिलं नाव सांगितलं होतं. बहीण म्हणाली, "आता गाडीचं बी नाव लपवायचं का रं? कधीपर्यंत लपवायचं?"

भाच्याने आईला समजावलं ते मला आवडलं. तो म्हणाला, "आई, ते नाव कंपनीचं आहे, माझं नाही. कंपनीची जाहिरात मी फुकट कशाला करू? माझं नाव नाही लपवत." आणि खरंच, मागच्या काचेवर एका कोपऱ्यात 'जय भीम' लावायचं त्याने ठरवलं आहे. लहानसं.

आपल्याकडे उलटं चालतं. कंपनीचा बिल्ला चकचकीत पुसतो आणि ऑफिसात आडनाव विचारलं की विषय बदलतो. काहीजण नंबरप्लेटवरच 'जय भीम' कोरायला जातात आणि दंड भरतात. 2019 पासून नव्या गाडीला सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, तिच्यावर काही लिहिता येत नाही. हौस असेल तर एमएच 21 मध्ये 1404 किंवा 1956 मिळतो का ते रीतसर फी भरून बघा. पण 0001 साठी चारचाकीला 5 लाखांपासून फी आहे हेही लक्षात घ्या. पाच लाखांत मोठ्या माणसाचा नंबर मिळतो. मोठेपणाला दुसरा खर्च लागतो.

यादीत नसलेला ऑप्शन

आता त्या जुन्या कार्यकर्त्याकडे वळतो, ज्यांनी ग्रुपवर "समाज उपाशी" लिहिलं. त्यांच्या सुरात राग होता, पण त्यांचा हक्क मी नाकारत नाही. टपरीवरचा गृहस्थ हिशोब मागतो तेव्हा मी त्याला उडवून लावतो. वस्ती हिशोब मागते तेव्हा उत्तर द्यावं लागतं. ती शिष्यवृत्ती कोणा सरकारने दयेने दिलेली नाही. त्यामागे पिढ्यांची आंदोलनं आहेत, लाठ्या आहेत. 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल किती दुखावून बोलले हे आपण जाणतो. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षेनंतरच्या भाषणात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा या कामासाठी द्यायला सांगितलं.

मी भाच्याला म्हटलं, उत्पन्नाचं राहू दे, गाडीच्याच किमतीचा विसावा हिस्सा काढ. 58,000 अधिक 9,100, म्हणजे 67,100. विसावा हिस्सा 3,355 युरो. साधारण तीन लाख पस्तीस हजार रुपये.

आपल्या वस्तीत त्या पैशाचं काय होतं? समाजकल्याणची मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. अनुसूचित जातीच्या बचत गटाला मिनी ट्रॅक्टर आणि सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. किंमतीची मर्यादा साडेतीन लाख, त्यात 90 टक्के अनुदान, म्हणजे 3 लाख 15 हजार. गटाने 10 टक्के, 35,000 भरायचे. आमच्या भागात कित्येक गट त्या पस्तीस हजारांपाशीच अडतात. दहा बायका, प्रत्येकीचे साडेतीन हजार, आणि तेवढेही नसतात, कारण त्या ऊसतोडीला गेलेल्या असतात.

म्हणजे भाच्याच्या विसाव्या हिश्श्यात नऊ गटांचा वाटा भरला जातो. कल्टिव्हेटर की रोटाव्हेटर, ही आपल्या बायांची ऑप्शनची यादी. दोनच रकाने आहेत, पण निवड त्यांची. जमीन नसलेल्या गटाने ट्रेलर नीट बघून घ्यावा, वाहतुकीचं काम मिळतं. तिथेही तेच नियम लागू. कामाचं आधी, चालवायला शिका, कागद पक्के करा.

भाच्याने सगळी रक्कम एकदम देणार नाही असं सांगितलं. तीन वर्षांत तीन-तीन गट करू म्हणाला. मला ते खरं वाटलं. भावनेच्या भरात दिलेल्या मोठ्या आकड्यापेक्षा दरवर्षी येणारा छोटा आकडा चळवळीला जास्त उपयोगी पडतो. वाचलेल्या 7,300 मधले उरलेले पैसे त्याचे. त्याचा हिशोब मी मागणार नाही, तुम्हीही मागू नका.

गाडी पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या हातात येईल. घनसावंगीला ती येणार नाही. आमच्या रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासेल. बहिणीने मात्र तिचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचं ठरवलं आहे, बाबासाहेबांच्या फोटोपासून थोडा खाली.

तुमच्यापैकी जो कोणी उद्या गाडी बुक करायला जाईल, त्याने शोरूमच्या पायरीवर एवढंच आठवावं. चाळीसगावच्या आपल्या माणसांनी मानासाठी टांगा आणला, त्यांचं प्रेम खरं होतं. त्यांच्याकडे शिकलेला हाकणारा नव्हता, कारण तो मिळू दिला नव्हता. आज आपल्याकडे तो आहे. मान सोडू नका, जीवही घालवू नका. यादी हातात घ्या, ब्रेक आधी लिहा, मग आवडेल तो रंग भरा. आणि खाली एक ओळ स्वतःच्या हाताने वाढवा. विसावा हिस्सा.

जय भीम. जय संविधान.